सातपैकी शून्य

सोमवार, ३

पत्र आलं. ताई सगळ्या विषयांत पास झाली, आणि म्हणूनच नापास झाली. असली परीक्षा मी जन्मात पाहिली नव्हती.

नीट क्रमानं लिहितो, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. ताई माझी थोरली बहीण, सेहेचाळीस वर्षांची. मी चव्वेचाळीसचा, न्हावी. स्वतःचं सलून आहे, खुर्च्या दोन आणि कापणारा मी एकटा. घरी आई, ताई आणि मी. ताई हळू आहे. आमच्याकडे एवढाच शब्द चालतो, याहून मोठा शब्द आई उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. गेल्या महिन्यात ताई एक आठवडा वह्या बांधायच्या कार्यशाळेत जाऊन आली, जमतंय का बघायला. ही वही तिनंच शिवलेली आहे. मधली आठ पानं उलटी लागलीत, पण शिवण अशी की ओढून फाडू म्हटलं तरी फाटायची नाही. तिथल्या बाइंडरकाकांनी सांगितलं की जागा आहे, फक्त सेवा कार्यालयाचा पात्रतेचा कागद आणा.

म्हणून अर्ज भरला. त्यात सात बाबी होत्या: स्वतःची निगा, बोलणं-समजणं, शिकणं, हालचाल, स्वतःचे निर्णय, स्वतंत्र राहणं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणं. प्रत्येकीसमोर दोन चौकोन, ‘स्वतः करते’ आणि ‘करू शकत नाही’. मी सातही ठिकाणी ‘स्वतः करते’वर खूण केली. करते तर करते, खोटं कशाला लिहू?

आता उत्तर असं: ‘अर्जदार विकासात्मक अक्षमतेच्या व्याख्येत बसत नाही. सातपैकी किमान तीन बाबींत लक्षणीय मर्यादा असणे आवश्यक. आढळलेल्या मर्यादा: शून्य.’

आईला वाचून दाखवलं तर ती इतकी खूश झाली की तिनं पत्राची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. ‘मी म्हणत नव्हते? आता सरकारनंच लिहून दिलंय,’ म्हणाली.

ताईनं विचारलं, ‘उद्या जायचं?’

‘नाही गं.’

‘परवा?’

मी म्हटलं, चहा घेणार का. ती चहाला कधी नाही म्हणत नाही. आज म्हणाली.

खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. घरी काय वाईट आहे तिला?

मंगळवार, ४

सकाळी आठला ताई दारात बसली. खांद्यावर पिशवी, पायात बूट, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. ‘अगं, आज कुठे जायचं नाहीये,’ म्हटलं तर ‘बघू’ म्हणाली. हा ‘बघू’ ती आईकडून शिकलीय. आई ‘बघू’ म्हणाली की समजायचं, निकाल लागलेला आहे.

साडेनऊला कसंबसं उठवून सलूनमध्ये नेलं. तिथं ती दुसऱ्या खुर्चीवर बसते. नवीन गिऱ्हाईक कधी कधी विचारतं, दुसरा कारागीर ठेवत का नाही? आता काय सांगायचं, ती खुर्ची मोकळी असते कुठे? ताई आरशात बघून लोकांचे चेहरे करून दाखवते, लोक हसतात, मी बोलत असतो. मजेत दिवस जातो. आज मात्र तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली आणि दिवसभर भिंतीशी संसार केला.

गुरुवार, ६

तिसरा दिवस, तेच. आठ, पिशवी, बूट, दार. मी हात टेकले. सलूनला ‘एक तासात येतो’ची पाटी लावली आणि पत्र घेऊन सेवा कार्यालय गाठलं. (पत्र आईच्या डबीतून काढताना चोरासारखं वाटलं.)

तिथं पाहणीबाई भेटल्या. घरोघर जाऊन पाहणी करतात, म्हणून मी त्यांना हे नाव दिलं. केस छान आहेत, दाट, पण मागे कुणीतरी उजव्या बाजूला चांगले दोन बोटं जास्त उडवलेत. नजर हटत नव्हती माझी. त्यांना वाटलं मी ऐकत नाहीये.

‘हे काय लिहिलंय तुम्ही? आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभी आहे?’

झालं होतं असं की अर्ज भरताना ताई शेजारीच होती. मी गमतीनं विचारलं, ‘स्वतःच्या पायावर उभी राहतेस का गं?’ तर ती ताडकन उठून उभी राहिली, वर एक पाय उचलून दाखवला. आई म्हणाली, ‘लिही, हो म्हणून. एका पायावरसुद्धा राहते.’ मी लिहून टाकलं. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

मग त्यांनी अर्जाच्या तळाची बारीक ओळ दाखवली: ‘सर्व उत्तरे, इतरांच्या आधाराशिवाय काय होते, हे धरून द्यावीत.’

‘वाचली होती,’ मी म्हटलं. ‘पण आम्ही कुठे आधार देतो? आंघोळ ती स्वतः करते. मी हात लावत नाही. दाराबाहेर असतो.’

‘दाराबाहेर काय करता?’

‘काही नाही. उभा असतो.’

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘असं करा. कायदा आजाराचं नाव विचारत नाही, अडतं कुठे ते विचारतो. ती काय करते ते तुम्ही लिहिलंत. आता तुम्ही काय काय करता, ते लिहून आणा. मी चौदा तारखेला घरी येते, चोवीसला सुनावणी लावू. कार्यशाळेतली जागा तीस तारखेपर्यंत राखून ठेवलीय. ती गेली तर पुढची दोन वर्षांनी.’

दोन वर्षं! आई चौऱ्याहत्तरची आहे. दोन वर्षं रोज सकाळी दारात बसलेली ताई माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी अपिलावर सही केली.

सोमवार, १०

बाईंचा कागद चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. आत्तापर्यंत त्यावर एवढंच आहे: ‘१. बुटाची नाडी (कधी कधी).’

दुसरं काय लिहू? मी काही करतच नाही. आजची सकाळच घ्या. ताई उठली. मी म्हटलं, उठलीस? बस. आता पाय खाली. चप्पल. चल, दात. पेस्ट थोडी. वर, खाली, आतून. चूळ. आणखी एक. मग ती आंघोळीला गेली, मी बाहेर भिंतीला टेकून आपला बोलत उभा. आधी हाताला पाणी लावून बघ. आता तांब्या. साबण. मान. कानामागे, ताई, कानामागे. आता साबण ठेव. पाणी घे. आणखी. टॉवेल. मध्येच तिला गाणं गुणगुणायची लहर आली की ती थांबते, मग मीही थांबतो. आत तिनं सगळं स्वतः केलं, बाहेर मी पेपर वाचला. यात माझं काम कुठे आलं?

बोलणं हे काही काम नव्हे. मी न्हावी माणूस, दिवसभर बोलतो. कात्री चालते म्हणून गिऱ्हाईक येतं, तोंड चालतं ते फुकट.

आईला विचारलं, ‘मी ताईसाठी काय काय करतो गं?’ ती म्हणाली, ‘तू? तू नुसती बडबड करतोस.’ घ्या. घरचाच दाखला मिळाला.

शुक्रवार, १४

आज जे झालं ते लिहायला सलून तासभर आधी बंद केलंय.

पाहणीबाई अकराला आल्या. आईनं त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः शिलाईयंत्रापाशी पाठ करून बसली, म्हणजे पाहुणचारही झाला आणि निषेधही. मी माझा कागद दिला. बाईंनी नाडीची ओळ वाचली, उलटून मागची बाजू बघितली आणि म्हणाल्या, ‘बरं. आज एक करायचं. मी सांगेपर्यंत तुम्ही एकही शब्द बोलायचा नाही. खुणासुद्धा नाहीत.’

मला हसू आलं. त्यात काय मोठंसं!

बाई ताईला म्हणाल्या, ‘मला चहा द्याल का? तुम्ही छान करता असं ऐकलंय.’ ताई फुलून गेली. ‘मी करते. स्वतः करते,’ म्हणाली. पातेलं काढलं, पाणी घेतलं, अगदी मापात. मग पातेलं दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळली.

‘पुढे?’

मी गप्प.

‘बाळ्या, पुढे?’ (बाळ्या म्हणजे मी. माझा जन्म झाला तेव्हापासून मी तिचा बाळ्या, आता डोक्यावर टक्कल पडायला आलं तरी.)

बाई म्हणाल्या, ‘रोज करता तसंच करा.’ ताईनं मान हलवली. पुन्हा माझ्याकडे. पुढे? गॅस तिच्या कोपराशेजारी होता. पत्तीचा डबा समोर होता. ‘गॅस’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी जीभ दातांत धरून बसलो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं ती पाण्याचं पातेलं धरून उभी होती, रडली नाही, चिडली नाही, फक्त वाट बघत राहिली. मला वाटत होतं उठावं आणि बाईंना म्हणावं, पुरे झाला हा खेळ.

मग ताईनं पातेलं खाली ठेवलं, माझ्याजवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. बाईंना म्हणाली, ‘बाळ्या आजारी आहे.’ मला उठवलं, पलंगावर झोपवलं, अंगावर भर उन्हाळ्यात रग घातला आणि उशाशी येऊन बसली. तोंडावर बोट ठेवून बाईंना म्हणाली, ‘हळू बोला.’

शिलाईयंत्राचा आवाज केव्हाचा थांबला होता.

बाईंनी हसून मला मोकळं केलं तसा मी रगाच्या आतूनच ओरडलो, ‘गॅस! पत्ती! आता साखर!’ पाच मिनिटांत चहा तयार. बाईंनी कप संपवला आणि चांगला झालाय म्हणाल्या. खोटं नव्हतं ते, चहा खरंच चांगला होता.

जाताना मी त्यांना विचारलं, मग कार्यशाळेत कसं जमलं तिला, तिथं तर मी नव्हतो? त्या म्हणाल्या, ‘तिथं भिंतीवर चित्रं आहेत. कागद दुमडा, भोक पाडा, दोरा ओवा. एक झालं की ती पुढचं चित्र बघते. तिला आधार लागतो, दादा. तो माणसाच्याच तोंडून यायला हवा असं नाही.’

त्यांच्या कागदावर मी चोरून पाहिलं. ‘“पुढे?”, नऊ वेळा,’ असं लिहिलं होतं. मला वाटायचं ती तिची बोलायची खोड आहे. गिऱ्हाइकं नाही का, दर वाक्याला ‘काय समजलं?’ म्हणतात.

शनिवार, १५

आज मोजलं. जेवणापर्यंत एकशे सदतीस ‘पुढे?’. मग मीच मोजायचं सोडलं, कारण मोजता मोजता एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला आखूड झाला.

मंगळवार, १८

बाईंचा निरोप आला: सातपैकी चार बाबी त्यांनी धरल्यात. मी सलूनमध्ये टाळी वाजवली. पण पुढे आणखी एक अट आहेच. हे सगळं वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत सुरू झालेलं असलं पाहिजे, आणि त्याचा त्या वेळचा काहीतरी कागद पाहिजे. तिशीत डोक्याला मार लागून कुणाचं असं झालं तर त्यांना वेगळं खातं आहे, हे नाही.

सोपं आहे म्हटलं. जन्मापासूनचं आहे, कागद असणारच. घरी येऊन आईला विचारलं, ‘ताई लहान असताना डॉक्टरांकडे नेली होतीस ना?’

‘माझ्या मुलीला काही झालेलं नाही.’

‘अगं, पण...’

‘ती हळू आहे. हळू असणं हा गुन्हा आहे का? एकदा शिक्का बसला की तो पुसायला कुणी येत नाही. तू लहान होतास, तुला माहीत नाही लोक काय काय बोलायचे. सरकारनं शून्य लिहून दिलं होतं, चांगलं शून्य, तर तू जाऊन त्याचे चार करून आलास!’

मीही तोल सोडला. म्हणालो, तुझ्या शून्यापायी ती दारात बसलीय. आई उठून आत गेली. आमच्या घराला आत म्हणजे एकच खोली, आणि तिथं ताई झोपलेली, म्हणून आई परत बाहेर आली आणि तोंड फिरवून बसली.

शुक्रवार, २१

आई बोलत नाही. ताई दारात बसते. मी एकटाच बोलतोय, आणि ऐकायला कुणी नाही.

शाळेत जाऊन आलो. दाखला मिळाला. त्यात ताई सातवीपर्यंत दरवर्षी ‘उत्तीर्ण’, वर्तणूक ‘उत्तम’. मुख्याध्यापकांच्या पाया पडून आईनं करून घेतलेलं असणार. कागदावर ताईचं शिक्षण माझ्यापेक्षा चांगलं आहे, मी पाचवीत दोनदा बसलो होतो. तिच्या लहानपणाचा प्रत्येक कागद असाच चकचकीत, कुठे एक डाग नाही. ज्या आईनं तिच्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्याच मेहनतीनं आता दार बंद होतंय.

एक गोष्ट लिहायची राहिलीय. तो चाचणीचा आठवडा होता ना, तेव्हा मी पाचही दिवस सलून बंद ठेवून कार्यशाळेसमोरच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. सहज. ती हाक मारेल म्हणून. पाच दिवसांत एकदाही मारली नाही. शेवटच्या दिवशी ती खिडकीशी आली, मला वाटलं मला बघतेय, तर ती काचेत स्वतःचे दात बघत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या दिवशी संध्याकाळी मी अर्ज भरायला बसलो आणि सातही खुणा एका दमात केल्या. आज तळाची ती बारीक ओळ पुन्हा वाचली. तशी ती फार बारीक नाहीये.

असो. सोमवारी सुनावणी.

सोमवार, २४

सकाळी ताईला घेऊन निघालो तर आई ठेवणीतले कपडे घालून दारात हजर, हातात मोठी पर्स. ‘मी पण येते,’ एवढंच म्हणाली. मी पुढचं काही विचारलं नाही. सहा दिवसांनी बोलली होती, उगाच कशाला खरवडा?

निर्णय अधिकारी पन्नाशीचे, एका कानावरचे केस दुसऱ्या कानापर्यंत ओढून नेलेले. पंखा मुद्दाम बंद ठेवला होता, आणि का ते मला विचारायची गरज नव्हती. पाहणीबाईंनी आपला अहवाल वाचला. चहाचा भाग आला तेव्हा साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग ते ताईकडे वळले.

‘तुम्हाला कार्यशाळेत जायचंय?’

‘हो.’

‘का?’

मी तोंड उघडलं. पाहणीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

ताईनं खूप वेळ विचार केला. कुणी घाई केली नाही. मग ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘तिथं हा नसतो.’

साहेबांनी ते लिहून घेतलं.

‘हा सारखा बोलतो,’ ताई म्हणाली. ‘सारखा. साबण, पाणी, कान. तिथं चित्रं आहेत. चित्रं बोलत नाहीत. मी बघते, मी करते.’ मग तिला वाटलं असावं की जरा जास्तच झालं, म्हणून माझा गुडघा थोपटला. ‘बाळ्या चांगला आहे. पण बोलतो.’

साहेबांनी हसू दाबलं, त्यात कानावरची बट सुटून खांद्यावर आली. मीही हसलो. पण लागलं मला. इथं खोटं लिहिणार नाही, फार लागलं. चाळीस वर्षं मी ज्याला गप्पा समजत होतो, ते तिला नकोच होतं. मी खाली मान घालून माझ्या नखांकडे बघत बसलो.

‘तो बोलतो, कारण मी बोलायला लावलं,’ आई म्हणाली.

तिनं पर्स उघडली. रुमाल, औषधांची पट्टी, चष्म्याची डबी असं एकेक बाहेर काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि तळातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. कोपऱ्यांना यंत्राच्या तेलाचे डाग होते, म्हणजे शिलाईयंत्राच्या खणात होतं इतकी वर्षं.

‘घ्या,’ म्हणाली. ‘सहा वर्षांची होती तेव्हाचं. हिच्या वडिलांना मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. ते गेले तोवर मी तेच सांगत राहिले. मला शिक्का नको होता. पण फेकूनही देववलं नाही.’

साहेबांनी मोठ्यानं वाचलं: ‘वाढ वयाच्या मानाने बरीच मागे. पुढेही राहील. एका वेळी एकच सूचना द्यावी. घरच्यांनी सतत बोलत राहावे, कंटाळू नये.’

‘मी दिवसभर यंत्रावर,’ आई म्हणाली. ‘कपडे शिवणार की बोलणार? हा चार वर्षांचा होता. त्याला सांगितलं, ताईला गंमत वाटते, तू तिला सगळं बोलून दाखव. त्याला वाटलं खेळ आहे. अजून खेळतोय.’ आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्यानं कंटाळा केला नाही हो कधी. एक दिवस नाही.’

आई रडताना मी वडील गेले तेव्हा बघितली होती, त्यानंतर आज. ताईनं टेबलावरचा तिचा रुमाल तिलाच दिला. पाहणीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. साहेबांनी कार्डाची नक्कल काढायला पाठवली आणि विसरून पंखा लावला. पुढची पाच मिनिटं त्यांच्या केसांचं जे काही झालं, त्यावर मी एका शब्दानंही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा संयम.

परत येताना मी आईला म्हटलं, म्हणजे माझी बडबड डॉक्टरांनी लिहून दिलेली होती तर! सलूनमध्ये पाटीच लावतो. आई म्हणाली, ‘गप बस जरा.’ म्हणजे सगळं सुरळीत झालं.

शुक्रवार, २८

मंजूर. स्वतःची निगा, शिकणं, स्वतंत्र राहणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं, अशा चार बाबी. ‘वयाच्या बाविसाव्या वर्षाआधीपासून’ याच्यापुढे कार्डाची तारीख. ‘स्वतःचे निर्णय’ या बाबीसमोर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘मर्यादा नाही. सुनावणीत खात्री झाली.’

मला वाटलं आईला वाईट वाटेल. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘चारच? मला वाटलं पाच देतील.’

काल-परवा दोन दिवस बसून ताईनं आणि मी आंघोळीची चित्रं काढली. साबण मला जमला, कान तिला. माझ्यापेक्षा तिचा कान जास्त कानासारखा आलाय. चित्रं न्हाणीघरात लावली. आज सकाळी मी बाहेर उभा होतो, तोंड बंद करून, दोन्ही हात खिशात कोंबून. आत पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. वेळ दुप्पट लागला. बाहेर आली तर एका कानात फेस तसाच. मी काही बोललो नाही. आई बोलली.

सोमवार, १

साडेआठला कार्यशाळेची गाडी आली. मी चपला घालत होतो, तर ताई म्हणाली, ‘तू थांब.’ थोरल्या बहिणीनं सांगितलं तर थांबायलाच हवं. गाडीत चढताना तिनं मागे वळून बघितलं नाही. पुढच्या सीटवरच्या बाईशी लगेच बोलायला लागली.

सलूनमध्ये दिवसभर हात चालत होता, मन कुठे होतं ठाऊक नाही. दुसऱ्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक वाट बघत बसलं, तर मला दोनदा दचकायला झालं. दुपारी उगाचच दोन्ही खुर्च्या पुसल्या. कार्यशाळेसमोरच्या पायरीवर जाऊन उभं राहावंसं वाटलं, आणि गेलो नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगून त्याचं महत्त्व कळणार नाही.

चारला ती परत आली. बोटांना डिंक, केसात कागदाचा कपटा, आणि भूक अशी की तिनं बूट काढायच्या आधी अर्धा पाव संपवला. मी समोर बसलो. काय केलंस गं? कुणाशेजारी बसलीस? काकांनी काय शिकवलं?

ताईनं पाव नीट चावून गिळला. ‘सांगणार नाही,’ म्हणाली.

‘का गं?’

‘माझं आहे.’ आणि हसत आत निघून गेली.

आईला विचारलं, तुला काही सांगितलं का? तिलाही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि मग आईला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि मलाही.

चव्वेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आज ताईनं दिवसभर काय केलं ते मला माहीत नाही, म्हणून इथं लिहिता येत नाही.